साडेचार वर्षांचं मालिश

नुसतं गरीब असून भागत नाही. ते तहसीलदारांना मान्य असावं लागतं. आणि त्यांची मान्यताही ३१ मार्चपर्यंतच टिकते. १ एप्रिलला माणूस पुन्हा संशयित श्रीमंत.

हे ज्ञान मला पुस्तकातून आलेलं नाही. इचलकरंजीत एका शाळेत मी जन्मभर कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर गल्लीनं मला न विचारता ‘फॉर्मवाले काका’ या पदावर नेमून टाकलं. पगार नाही, चहा आहे. काम बिघडलं तर बोल लावायला हक्काचा माणूस मिळतो, हा गल्लीचा फायदा. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवणं, श्रावणबाळ योजनेसाठी म्हाताऱ्याचं वय सिद्ध करणं (म्हातारा समोर काठी टेकून बसलेला असतो, पण आधारकार्डाला तो अजून तरुण वाटतो), अशी कामं माझ्याकडे येतात. २०२५च्या जूनमध्ये मात्र चौथ्या घरातली पोरगी मोबाइलवर ‘नीट’चा निकाल घेऊन आली.

७२० पैकी जे काही पडले होते, त्यात एमबीबीएस लांबूनसुद्धा दिसत नव्हतं. रडायचं ते ती घरी रडून आली होती. माझ्याकडे थेट हिशेबाला बसली. म्हणाली, “काका, मला फिजिओथेरपी करायचीय. सगळ्यात स्वस्त कुठं पडतंय तेवढं बघू या.”

हे खूळ तिच्या डोक्यात बापाच्या खांद्यानं भरवलं होतं. तो यंत्रमाग कामगार. बारा तासांची पाळी, उभ्यानं. पुढं पुढं उजवा हात खांद्याच्या वर जायलाच तयार होईना. डॉक्टरांनी फिजिओकडे धाडलं. तिथं करंट दिला, शेक दिला आणि भिंतीवर बोटं चालवत वर न्यायला शिकवलं. चौथ्या बैठकीच्या आधी त्यानं हिशेब केला: एक बैठक म्हणजे कापडाचे किती मीटर. मग करंट बंद, शेक बंद, फक्त भिंत चालू, कारण भिंत भाड्यातच येते. पोरीनं रोज पेन्सिलीनं खुणा करून हात किती वर गेला ते लिहायला सुरुवात केली. लहान मुलांची उंची मापतात त्याच भिंतीवर बापाचा हात वाढत होता. घरमालक येऊन भिंत कुणी खराब केली म्हणून ओरडून गेला. पण तोवर खांदा सुटला होता आणि पोरीचं ठरलं होतं.

गल्लीला हे समजायला वेळ लागला. “मालिश करायला साडेचार वरसं लागत्यात व्हय?” असं कोपऱ्यावरच्या आजींनी विचारलं. त्यांच्या सासूबाई बाळंतिणीला न शिकता चोळायच्या आणि वर पातळ घेऊन जायच्या, हा त्यांचा मुद्दा होता. किराणा दुकानदाराच्या मते फिजिओ म्हणजे आयपीएलमध्ये पाण्याची बाटली आणि थंड फवारा घेऊन धावतो तो. त्याला कोट्यवधी मिळत असणार. मग पोरीला टीव्हीवर जायचं असेल तर आधी क्रिकेट शिकव, असा त्याचा व्यावहारिक सल्ला. एका मामांनी नर्सिंग घे म्हणून सांगितलं, एका मावशीनं बीएएमएस. शेजारच्या वहिनींचा भाचा कॅनडात असल्यामुळे त्यांनी थेट कॅनडाच सांगितलं. सल्ला फुकट असतो हे खरं, पण तो मानला की फी सुरू होते.

आजींसाठी एवढं नोंदवून ठेवतो की हे मालिश आपल्याकडं सरकारी मदतीनं आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानं फिजिओथेरपीचं विद्यालय सुरू झालं. पोलिओनं पाय गेलेली मुलं तेव्हा घरोघरी होती. त्याच्या दोन वर्षं आधी त्याच केईएममध्ये कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय काढलं होतं. त्या मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकर झालेल्या. म्हणजे ज्या विद्येला आमची गल्ली चोळाचोळी म्हणते, तिचं महाराष्ट्रातलं वय सत्तरीच्या पुढं आहे आणि तिला अजून कुणी ज्येष्ठ नागरिकाचा दाखला दिलेला नाही.

दाखल्यांवरून आठवलं. पोरीचा खरा पहिला अभ्यासक्रम तिथंच होता, आणि त्यात प्रात्यक्षिकं फार.

परीक्षेच्या अर्जालाच १६०० रुपये गेले होते. इतर मागासवर्गाला १६००, खुल्या गटाला १७००; मागासलेपणाची किंमत सरकारनं शंभर रुपये धरली आहे, ती धरून आम्ही पुढं निघालो. उत्पन्नाचा दाखला काढायला बापाचं उत्पन्न लिहायचं. त्याला पगार आठवड्याला, रोख, मीटरवर. वीज गेली की मीटरही गेला. पगारपत्रक नाही. मालक लिहून देईना, कारण लिहून दिलं तर कामगार त्याचा आहे हे सिद्ध होतं. शेवटी स्वयंघोषणापत्र. त्यात बापानं प्रामाणिकपणे जास्तीत जास्त आकडा लिहायला घेतला, कारण पोरीच्या कागदावर बाप अगदीच भिकारी दिसू नये. मी त्याचा हात धरला. चांगला सुटलेला खांदा होता, सोडवून घ्यायला बघत होता.

एवढ्यावर भागत नाही. शिष्यवृत्तीला एका वर्षाची गरिबी चालते, नॉन-क्रीमिलेयरला तीन वर्षांची लागते. साय आपल्यावर कधीच धरली नव्हती, असं तीन वर्षं मागं जाऊन दाखवायचं. ज्या घरात दूध अर्धा लिटर येतं आणि त्यातलं निम्मं चहात जातं, त्या घरानं साय नसल्याचा पुरावा द्यायचा, यातला विनोद तहसील कार्यालयात मी एकदा बोलून दाखवला. समोरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि झेरॉक्स पुन्हा काढून आणायला सांगितली.

मग जातवैधता. इतर मागासवर्गासाठी पुरावा हवा १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा. पोरीच्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं होतं, पण शाळेनं त्यांचं तोंड लक्षात ठेवलं नव्हतं. पणजोबा विणकर, सही अंगठ्याची. आता एका मुलीला मानवी शरीरात २०६ हाडं कुठं कुठं असतात हे शिकायचंय आणि त्यासाठी तिच्या पणजोबांचं एकही हाड कुठल्या रजिस्टरात सापडत नाही! अखेर चुलत आजोबांच्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत, वाळवी खाऊन शिल्लक राहिलेल्या पानावर त्यांचं नाव निघालं. इयत्ता दुसरी, शाळा सोडल्याचं कारण: ‘सतत गैरहजर’. त्या गैरहजेरीवर आज ही पोरगी हजर आहे. चुलत आजोबांना निरोप पाठवला तर म्हणाले, “मला तवाच ठावं होतं, साळंचा उपेग होनार म्हून.”

कागद झाले. मग आम्ही कालनिर्णयच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.

स्वस्त कॉलेज म्हणजे कुठलं, हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही. सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांची फी हजारांत. पण अशी कॉलेजं किती? मुंबईत केईएम, सायन, नायर. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. हाताची बोटं भरेपर्यंत यादी आटोपते. तिथल्या जागा जातात त्या गुणवंतांना, आणि गुणवंत होण्यासाठी आधी क्लासला लाखभर भरावे लागतात. म्हणजे स्वस्त शिक्षण मिळवायला महाग शिक्षण आधी घ्यावं लागतं. वर मुंबई! परळला फी परवडते आणि परळ परवडत नाही. वसतिगृह मिळालं तर ठीक, नाहीतर कॉटबेसिसवर राहून पोरगी पाठीच्या कण्याचा अभ्यास स्वतःच्याच कण्यावर करणार.

दुसरा प्रकार खासगी विनाअनुदानित. फी लाखांत, पण तिच्यावर शुल्क नियामक प्राधिकरणाचा अंकुश. २०१५च्या कायद्यानं हे प्राधिकरण आलं, आणि कुठल्या कॉलेजला किती फी मंजूर आहे हे त्याच्या संकेतस्थळावर सरळ वाचता येतं. हे वाचणारा माणूस फी भरायच्या खिडकीवर गेला की खिडकीतला चेहरा बदलतो, हे मी पाहिलं आहे. देणगी घेण्यावर तर राज्यात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे; तेव्हापासून देणगी नावाचा प्रकार उरला नाही, ‘विकास’ मात्र जोरात आहे.

तिसरा प्रकार अभिमत विद्यापीठ. माहितीपुस्तिका एवढी गुळगुळीत की तिच्यावरून हात घसरतो, आणि फीच्या पानावर हृदय. या विद्यापीठांना राज्याच्या प्राधिकरणाचा अंकुश लागत नाही आणि आमच्या कामाच्या बहुतेक सवलतीही तिथं लागत नाहीत. बापानं पुस्तिकेतला जलतरण तलाव बघितला आणि विचारलं, “ह्यात पवायचं पण शिकवत्यात?” मी म्हटलं, पाण्यातली उपचारपद्धती असते. तो म्हणाला, “पंचगंगा हाय की.” पुस्तिका तेवढ्यावर मिटली.

आता खरी गंमत पुढं आहे. ८ जुलै २०२४चा एक शासन निर्णय आहे: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, मुलगी इतर मागास, आर्थिक दुर्बल किंवा सामाजिक व शैक्षणिक मागास गटातली असेल आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. म्हणजे जी लाखांची फी बघून आम्ही पान उलटत होतो, ती या पोरीसाठी जवळजवळ पुसलीच जात होती. हे कळल्यावर बाप बराच वेळ माझ्याकडे संशयानं बघत राहिला. आयुष्यात कुठलीच वस्तू त्याला फुकट मिळाली नव्हती. कापडावर सूट असते तेव्हा ते कुठंतरी फाटलेलं असतं, हे त्याला धंद्यामुळं माहीत.

हेही थोडं फाटलेलं होतंच. शिक्षण शुल्क माफ. अनामत रक्कम नाही, मेस नाही, गणवेश नाही, आणि विकास तर नाहीच नाही. शिवाय पैसे कॉलेजला सरकारकडून यायचे ते महाडीबीटीवर अर्ज भरून, तो कॉलेजनं पुढं सरकवून, वगैरे झाल्यावर. एका कॉलेजात फोन केला तर तिथला माणूस गोड आवाजात म्हणाला, “सवलत आहे ना काका, शंभर टक्के आहे. तुम्ही आत्ता भरा, शासनाकडून आले की देतो परत.” फुकट शिक्षणाला आगाऊ रक्कम लागते, हे अर्थशास्त्र मला शाळेतही कुणी शिकवलं नव्हतं. असं मागू नये अशी शासनाची सूचना आहे, हे मी त्याला तितक्याच गोड आवाजात ऐकवलं. मग लाइन खराब झाली.

बापानं मात्र सावधपणा म्हणून बँकेत विचारायचं ठरवलं. शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, असं योजनेत म्हटलेलं असतं. बँकेत योजना भिंतीवर असते आणि साहेब खुर्चीवर. साहेबांनी विचारलं, “आयटीआर?” नाही. “सॅलरी स्लिप?” नाही. “मग उत्पन्नाचा काही पुरावा?” बापानं अभिमानानं पिशवीतून तहसीलदारांचा दाखला काढला. आम्ही घाम गाळून मिळवलेला, गोल शिक्क्याचा. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि अगदी हळू म्हणाले, “पण यात तर तुम्ही गरीब आहात.”

तहसीलला जितकं कमी दाखवाल तितकं चांगलं, बँकेत जितकं जास्त दाखवाल तितकं चांगलं, आणि दोन्ही कचेऱ्यांच्या मध्ये रस्ता ओलांडण्याइतकंच अंतर. एवढ्या अंतरात माणसानं श्रीमंत कसं व्हावं? बाहेर येऊन बाप म्हणाला, “फॉर्मवाले, कर्ज नगं. ही लोकं ज्याला गरज न्हाई त्यालाच देत्यात.” बँकिंगवरचा एवढा नेमका अभिप्राय मी वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर वाचलेला नाही.

खर्चाच्या दुसऱ्या बाजूला मिळकत मांडायची होती. मी कोल्हापुरात एका ओळखीच्या दवाखान्यात चौकशी केली. नव्या पदवीधराला सुरुवातीला दहा-पंधरा हजारांवर बोलणी; घरी जाऊन उपचार करणाऱ्याला एका भेटीचे तीन-चारशे. इथं आमच्या पोरीचे डोळे चमकले. इचलकरंजी! हजारो माग, प्रत्येक मागामागं एक पाठ, एक मान, एक खांदा. शहरभर एवढा कच्चा माल पडून आहे आणि त्याच्याकडं उद्योजकाच्या नजरेनं कुणी बघितलंच नाही. मी म्हटलं, या पाठी पैसे कुठून देणार? ती म्हणाली, “मालकांच्या पण पाठी दुखतात की काका. एसीत बसून जास्तच दुखतात. त्यांच्याकडून घ्यायचं, यांना कमीत बघायचं.” तिनं अजून पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडलं नव्हतं, पण शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन करून ती मोकळी झाली.

गल्लीही एव्हाना बदलली होती. ज्या आजी मालिश म्हणून हिणवत होत्या, त्या गुडघा पुढं करून बसू लागल्या. प्रवेश व्हायच्या आधीच बाह्यरुग्ण विभाग सुरू. पोरगी बिचारी सांगायची, मला अजून काही येत नाही. आजी म्हणायच्या, “येत न्हाई तवर फुकट बघून घे. मग कोन बघनार?”

मग फेऱ्या सुरू झाल्या. केंद्रीभूत प्रवेशफेरी हा प्रकार ज्यानं शोधला तो माणूस पत्त्यांत तरबेज असावा. पसंतिक्रम भरायचा, कॉलेज लागलं तर जाऊन हजर व्हायचं. आणि मग तो ‘स्टेटस रिटेन्शन फॉर्म’. तो भरला की हीच जागा कायम, पुढच्या फेरीतून तुम्ही बाद. नाही भरला तर पुढच्या फेरीत चांगलं मिळेल या आशेवर झुलत राहायचं. मुंबईची आशा ठेवायची की जवळचं खासगी पक्कं करायचं? माझं मत स्पष्ट होतं: ज्या पोरीची फी सरकार भरणार, तिच्यासाठी स्वस्त कॉलेज म्हणजे घरून एसटीनं जाता येणारं कॉलेज. फी हा आकडा छापलेला असतो म्हणून सगळे त्याच्यावरच भांडतात. खोलीभाडं, मेस, गणपतीला गावी यायचं तिकीट, आजारपणात बाहेरून आणलेला डबा, हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतं आणि साडेचार वर्षं दर महिन्याला येतं. पोरीनं ऐकलं. ऐकलं म्हणजे आधी तिनं स्वतः एसटीच्या पासाचा हिशेब घातला, मग माझं मत तिला पटलं. कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं आहे ना, राज्याच्या परिषदेत पदवीची नोंदणी होईल ना, हे तिनं फॉर्म भरायच्या आधी दोनदा तपासलं. ‘सहा महिन्यांत फिजिओ व्हा’ अशी चिठ्ठी आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबावर चिकटवलेली आहे; मान्यतेचं विचारायला गेलं तर तिच्यावरच्या नंबरावर कुणी फोन उचलत नाही.

चौरसियांचे शरीररचनाशास्त्राचे खंड तिला एका सीनियरकडून अर्ध्या किमतीत मिळाले. पानापानावर आधीच्या मालकिणीनं अधोरेखन केलेलं, त्यामुळे काय वाचायचं नाही तेही कळतं. त्याच सीनियरकडून कोन मोजायचं गोनिओमीटर आलं. बापानं ते उलटसुलट करून बघितलं आणि त्यानं स्वतःचा हात मोजून घेतला.

तेवढ्यात सप्टेंबर उजाडला. ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. ९ सप्टेंबर २०२५ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं, की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, रुग्णांची दिशाभूल होते. १० सप्टेंबरला ते पत्र फेरविचारासाठी मागं घेतलं. एका दिवशी सत्कार, दुसऱ्या दिवशी पदवी गेली, तिसऱ्या दिवशी परत आली. खरं म्हणजे त्याच वर्षी आलेल्या केंद्राच्या नव्या अभ्यासक्रमात आधी ‘डॉ.’ आणि नावापुढं ‘पीटी’ असं लावायची मुभा होती, वर अभ्यासक्रम पाच वर्षांचा, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिपचं. म्हणजे आजींच्या भाषेत मालिश अर्ध्या वर्षानं आणखी लांबलं.

ही बातमी गल्लीत पोहोचली तेव्हा अडचण अशी झाली होती, की बापानं उत्साहाच्या भरात पाटी रंगवणाऱ्याला आधीच गाठलं होतं. प्रवेश झाला त्याच संध्याकाळी. पाटीवाला अक्षरावर पैसे घेतो. त्यानं विचारलं, ‘डॉ.’ लिहायचं का? लिहायचं तर टिंबाचे वेगळे घेत नाही, पण नंतर पुसायला सांगितलं तर पुसायचे वेगळे. आणि शेवटी ‘पीटी’ लावणार असाल तर ते इंग्रजीत की मराठीत, मराठीत जास्त जागा जाते.

बाप माझ्याकडे आला. मी म्हटलं, अरे, अजून साडेचार वर्षं आहेत! तो म्हणाला, “ते ठावं हाय. पर रंग आत्ता सवलतीत हाय.” मग दोघंही पाटीवाल्याकडे गेलो आणि बरीच घासाघीस होऊन असं ठरलं की सध्या फक्त आडनाव रंगवायचं, आधी ‘डॉ.’ची आणि नंतर ‘पीटी’ची जागा मोकळी सोडायची. मोकळ्या जागेचे पैसे पाटीवाल्यानं लावले होते. ते आम्ही काढायला लावले.